पगारमर्यादेत हॉकी संघ कसा बसवायचा: एनएचएलच्या जनरल मॅनेजरचं वर्षभराचं गणित

ऑक्टोबर 2021. टोरांटो मेपल लीफ्सचा ओटावाशी घरच्या मैदानावर सामना. टोरांटोच्या बाकावर राखीव गोलरक्षक म्हणून बसला होता तिथल्याच विद्यापीठाच्या संघातला एक विद्यार्थी, हौशी करारावर, त्या रात्रीपुरता. संघाच्या दोन गोलरक्षकांपैकी पेत्र म्राझेक दोनच दिवसांपूर्वी जखमी झाला होता. तिसरा व्यावसायिक गोलरक्षक संघाकडे होता, पण त्याला वर बोलावायला पगारमर्यादेत, म्हणजे संघातल्या सगळ्यांच्या पगारांच्या बेरजेवर लीगने घातलेल्या हद्दीत, जागा उरली नव्हती.

मी टोरांटोजवळ राहतो. पुण्याच्या मावसभावाने फोनवर विचारलं, "अरे, एवढा श्रीमंत संघ तुमचा, आणि एक धड गोलकीपर घेता येत नाही?" तेव्हा मला त्याला नीट समजावता आलं नव्हतं. गेली काही वर्षं मी माझ्या संघाचा पगाराचा तक्ता स्वतः भरतो आहे, आणि आता ते गणित पायरीपायरीने मांडता येईल असं वाटतं. जनरल मॅनेजरच्या, म्हणजे खेळाडू निवडून त्यांचे करार करणाऱ्याच्या, खुर्चीवर तुम्ही बसला आहात असं समजा. संघ एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगचा, आणि मोसम 2025-26 चा.

आधी चौकट समजून घ्या

2004-05 चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात वाया गेला. एकही सामना झाला नाही. त्यातून जो करार निघाला त्यात पगारमर्यादा आली, आणि आधीच्या सगळ्या करारांचे पगार एका फटक्यात 24 टक्क्यांनी कापले गेले. 2005-06 साली ही मर्यादा 3 कोटी 90 लाख डॉलर होती. 2025-26 मध्ये ती 9 कोटी 55 लाख आहे. 2026-27 साठी 10 कोटी 40 लाख आणि 2027-28 साठी 11 कोटी 35 लाख हे आकडे जानेवारी 2025 मध्येच जाहीर झाले. इतकं पुढचं आधी कळणं ही मॅनेजरसाठी फार मोठी सोय आहे. त्याआधीची अनेक वर्षं पुढच्या मोसमाचा आकडा आदल्या उन्हाळ्यापर्यंत अंदाजानेच धरावा लागे.

मर्यादेला तळही आहे. 2025-26 मध्ये 7 कोटी 6 लाखांपेक्षा कमी खर्च कोणत्याही संघाला चालत नाही. लीगच्या हॉकीतल्या उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंना मिळायचा, हे सूत्र दोन्ही बाजूंना मान्य आहे. कमाल आणि किमान आकडे त्या सूत्रातूनच निघतात.

आपल्याकडे लोकांना आयपीएलची पर्स ठाऊक असते, म्हणून चटकन तुलना सुचते. पण आयपीएलची पर्स लिलावाच्या टेबलावर खरी कस लावते. इथली मर्यादा मोसम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत रोज मोजली जाते आणि तिच्यापुढे मालकाची श्रीमंती चालत नाही. दंड भरून वर जाण्याची सोयही नाही. मर्यादा ओलांडणारा व्यवहार लीग नोंदवूनच घेत नाही.

तक्ता मांडा, आणि त्यात पगार लिहू नका

पहिलं काम कागदावरचं. प्रत्येक खेळाडूसमोर पुढच्या पाच-सहा वर्षांचे रकाने काढा. त्यात लिहायचा तो त्या वर्षाचा प्रत्यक्ष पगार नव्हे, तर कॅप हिट. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, एवढंच ते गणित. चार वर्षांत 2 कोटी डॉलर ठरले असतील तर दर वर्षी 50 लाखच धरायचे. मग पहिल्या वर्षी हातात 80 लाख पडोत की 30. माझा पहिला तक्ता इथेच चुकला होता. मी प्रत्यक्ष पगार भरले होते आणि संघाकडे भरपूर जागा आहे असं समजून दोन महिने मनोरे रचत होतो.

खेळाडूंचे रकाने भरून झाले की खाली एक ओळ सोडून मृत रक्कम लिहा. संघात नसलेल्या माणसांपायी मोजावे लागणारे हे पैसे: मुदतीआधी सोडून दिलेल्यांचे हप्ते, दुसऱ्या संघाला देताना आपल्याकडे ठेवलेला पगाराचा हिस्सा, गेल्या वर्षीच्या बोनसची उरलेली बाकी. नवखे लोक नेमकी हीच ओळ विसरतात.

संख्येच्या अटीही तिथेच नोंदवा. मोसमात मुख्य संघात जास्तीत जास्त 23 जण. प्रत्यक्ष सामन्याला 18 खेळाडू आणि 2 गोलरक्षक. संघाच्या नावावर एकूण करार 50 पेक्षा जास्त नाहीत. एका खेळाडूचा कॅप हिट मर्यादेच्या 20 टक्क्यांच्या आत. किमान पगार 7 लाख 75 हजार. उन्हाळ्यात मर्यादेच्या 10 टक्के वर जायला परवानगी आहे, पण पहिल्या सामन्याच्या दिवशी आत यावंच लागतं.

हे तक्ते किती मोलाचे आहेत याचा पुरावा म्हणजे कॅपफ्रेंडली हे संकेतस्थळ. चाहते, पत्रकार आणि खुद्द संघांची माणसं त्यावर करार बघत. 2024 मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाने ते विकतच घेतलं आणि सर्वांसाठी बंद झालं. मला त्याचं वाईट वाटलं, पण त्या संघाचं गणित बरोबर होतं.

डॉलर विसरा, टक्के बघा

खेळाडू महाग की स्वस्त हे आकड्यावरून कळत नाही. मर्यादेचा किती टक्के भाग तो खातो, हे बघायचं.

कॉनर मॅकडेव्हिडचा 1 कोटी 25 लाखांचा कॅप हिट 2018-19 मध्ये लागू झाला तेव्हा मर्यादा 7 कोटी 95 लाख होती. म्हणजे 15.7 टक्के. तोच आकडा 2025-26 मध्ये 13.1 टक्के होतो. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याने एडमंटनशी आणखी दोन वर्षांचा करार केला, त्याच 1 कोटी 25 लाखांवर. 2026-27 मध्ये तो 12 टक्के भरेल. त्याच्या काही दिवस आधी मिनेसोटाने किरिल काप्रिझोवला 8 वर्षांसाठी दर वर्षी 1 कोटी 70 लाख दिले, म्हणजे 2026-27 च्या मर्यादेचे 16.3 टक्के. जगातला सर्वोत्तम मानला जाणारा खेळाडू 12 टक्क्यांत राहतो. उरलेल्या चार टक्क्यांत एक चांगला बचावपटू बसतो, आणि मॅकडेव्हिडने ते जाणूनबुजून सोडले.

तरीही एडमंटनची ओढाताण बघा. 2025-26 मध्ये ड्रायसाइटल 1 कोटी 40 लाख, मॅकडेव्हिड 1 कोटी 25 लाख, बुशार्ड 1 कोटी 5 लाख, नर्स 92 लाख 50 हजार. चौघांचे मिळून 4 कोटी 62 लाख 50 हजार, म्हणजे मर्यादेचे 48 टक्क्यांहून अधिक. बाकीच्या 19 जणांना सरासरी 26 लाखही येत नाहीत.

टोरांटोने हेच धाडस आधी केलं होतं. 2019-20 मध्ये मॅथ्यूज, टवारेस, मार्नर आणि नीलँडर या चार आघाडीच्या खेळाडूंवर 4 कोटी 5 लाख खर्ची पडत होते आणि मर्यादा होती 8 कोटी 15 लाख. अर्धी तिजोरी चौघांत. मर्यादा दर वर्षी वाढत जाईल आणि हा भार आपोआप हलका होईल, हा त्यामागचा हिशोब. मग कोविड आला, रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले, आणि मर्यादा सलग तीन मोसम 8 कोटी 15 लाखांवर गोठली. त्यानंतरही दोन वर्षं जेमतेम दहा-दहा लाखांनीच सरकली. सुरुवातीला सांगितलेला विद्यार्थी गोलरक्षक याच ओढगस्तीचं फळ. त्या वेळच्या मॅनेजरला दोष देणं सोपं आहे, मी मात्र देत नाही. साथीचा अंदाज कुणालाच नव्हता. पण वाढ गृहीत धरून केलेला करार आणि हातातल्या पैशावर केलेला करार यांना तक्त्यात वेगळा रंग द्यायला मी त्यातूनच शिकलो.

स्वस्त वर्षं कुठे आहेत ते शोधा

महागडे तारे परवडतात ते स्वस्त पोरांमुळे. ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी आळीपाळीने करायच्या नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, आलेल्या 18 ते 21 वयाच्या खेळाडूचा पहिला करार तीन वर्षांचा असतो आणि त्याच्या पगाराला कमाल हद्द असते. 2024 च्या ड्राफ्टमध्ये पहिला आलेला मॅकलिन सेलेब्रिनी 9 लाख 75 हजारांच्या मूळ पगारावर खेळतो. एवढ्यात बाजारात चौथ्या फळीतलाच माणूस मिळतो. वर कामगिरीचे बोनस असतात. बोनसमुळे मर्यादा ओलांडली तर 7.5 टक्क्यांपर्यंत चालतं, पण ओलांडलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या मर्यादेतून वळती होते. शिकागोने 2010 मध्ये स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला आणि टेव्झ, केन यांच्या बोनसपोटी 40 लाखांहून अधिक रक्कम पुढच्या मोसमावर बसली, तीही मर्यादा 5 कोटी 94 लाख असताना. त्याच उन्हाळ्यात बफलिन, लॅड, व्हर्स्टीग आणि कप जिंकून देणारा गोलरक्षक निएमी असे एकामागून एक गेले. जिंकलेला संघ मोडताना बघणं फार जड जातं.

पहिला करार संपला की खेळाडू मर्यादित मोकळा होतो. त्याच्यावरचा पहिला हक्क आपला राहतो, तो साधारण 27 व्या वर्षापर्यंत किंवा 7 मोसम पूर्ण होईपर्यंत. पण दुसरा संघ त्याला ऑफर शीट, म्हणजे कराराचा लेखी प्रस्ताव, देऊ शकतो. मग आपल्या हातात फक्त सात दिवस: तेवढा पगार आपण द्यायचा, नाहीतर ठरलेल्या ड्राफ्ट पिक्स, म्हणजे पुढच्या ड्राफ्टमधले निवडीचे हक्क, घेऊन खेळाडू सोडायचा. ऑगस्ट 2024 मध्ये सेंट लुईसने एडमंटनच्या दोघांना एकाच दिवशी गाठलं. ब्रोबर्गला दर वर्षी सुमारे 45 लाख 80 हजार, हॉलोवेला सुमारे 22 लाख 90 हजार. एडमंटन जून महिन्यात अंतिम फेरीचा सातवा सामना हरलेलं, मर्यादा काठोकाठ भरलेली. दोघेही गेले, बदल्यात आल्या एक दुसऱ्या आणि एक तिसऱ्या फेरीची पिक.

यातून घ्यायचं काम साधं आहे. ज्या तरुणांचे करार पुढच्या जूनमध्ये संपतात त्यांच्याशी बोलणी आदल्या शरदातच सुरू करा. ते जमलं नाही तर जुलै-ऑगस्टसाठी थोडी जागा राखून ठेवा.

लांब करार करताना शेवटच्या वर्षापासून वाचा

2010 च्या सुमारास मॅनेजरांनी एक पळवाट काढली होती. करार अवाच्या सव्वा लांब करायचा, सुरुवातीला भरघोस पैसे द्यायचे, शेवटच्या वर्षांत किरकोळ. सरासरी खाली येते आणि खेळाडू त्या किरकोळ वर्षांआधीच निवृत्त होतो. न्यू जर्सीने इल्या कोवालचुकशी केलेला 17 वर्षांचा, 10 कोटी 20 लाखांचा करार लवादाने फेटाळला, कारण तो मर्यादेला बगल देणारा होता. 2013 पासून स्वतःच्या खेळाडूला 8 आणि बाहेरच्याला 7 वर्षं अशी हद्द आली. मालक आणि खेळाडूंच्या सप्टेंबर 2026 पासून लागू होणाऱ्या नव्या करारात ती 7 आणि 6 आहे. जुन्या करारांचा वचपाही काढला गेला. असाच लांब करार असलेला गोलरक्षक रॉबर्टो लुओंगो 2019 मध्ये निवृत्त झाला, आणि पाच वर्षांपूर्वीच त्याला सोडून दिलेल्या व्हँकुव्हरच्या मर्यादेतून तीन वर्षं दर साल 30 लाखांवर रक्कम गेली.

या लांब करारांची एक वेगळीच शेपटी राहिली. शे वेबरचा 14 वर्षांचा करार 2026 मध्ये संपतो. दुखापतीमुळे तो 2021 नंतर खेळलेला नाही. कॅप हिट 78 लाख 57 हजार, पण शेवटच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष देणं फक्त दहा-दहा लाख. त्यामुळे मोंट्रियलकडून व्हेगास, तिथून ॲरिझोना असा तो कागद फिरत राहिला. तळाचा आकडा गाठायला धडपडणाऱ्या संघाला दहा लाखांत अठ्ठ्याहत्तर लाखांचा भार मिळतो. तुमचा संघ तळाशी असेल तर अशा कागदासोबत समोरच्याकडून एखादी ड्राफ्ट पिकही मागा. देणारा अडलेला असतो.

करारातली कलमं पैशांइतकीच वजनदार असतात. ट्रेडला, म्हणजे दुसऱ्या संघाशी होणाऱ्या अदलाबदलीला, नकाराचा हक्क दिलात तर तो खेळाडू तुमच्या तक्त्यात खिळ्याने ठोकलेला. शक्यतो हा हक्क शेवटच्या वर्षांत अर्धा करा, म्हणजे ठरावीक संघांच्याच यादीपुरता ठेवा. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा इथे राज्याचा आयकर नाही, त्यामुळे तिथले मॅनेजर त्याच हातात पडणाऱ्या रकमेसाठी कमी आकडा देऊ शकतात. टोरांटो किंवा मोंट्रियलच्या मॅनेजरला तेवढं जास्त मोजावं लागतं. मला हा अन्यायच वाटतो, पण नियम तसा आहे.

बायआउट: आकडेमोड केल्याशिवाय हात लावू नका

करार अंगाशी आला तर तो मुदतीआधी मोडता येतो. खेळाडूचं वय 26 किंवा अधिक असेल तर उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश, त्याहून लहान असेल तर एक तृतीयांश, आणि ही रक्कम उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात फेडायची.

समजा 30 वर्षांच्या बचावपटूची दोन वर्षं उरली आहेत, दर साल 60 लाख. उरलेले 1 कोटी 20 लाख, त्याचे दोन तृतीयांश 80 लाख, चार वर्षांत वाटले की दर साल 20 लाख. पहिली दोन वर्षं 40 लाख सुटतात, नंतरची दोन वर्षं 20 लाखांचा भुर्दंड. ठीक वाटतं.

आता तोच करार, पण 60 पैकी 50 लाख साइनिंग बोनस म्हणून लिहिलेले आणि पगार फक्त 10 लाख. बोनस मोडता येत नाही. उरलेला पगार 20 लाख, त्याचे दोन तृतीयांश 13 लाख 33 हजार, चार वर्षांत दर साल 3 लाख 33 हजार. तुमची बचत वर्षाला जेमतेम 6 लाख 67 हजार, म्हणजे कॅप हिट 53 लाखांवर तसाच बसून राहतो. एजंट बोनससाठी का हटून बसतात ते इथे कळतं. म्हणून सही करण्याआधी प्रत्येक करारापुढे "मोडला तर काय?" हा रकाना भरून घ्या.

मिनेसोटाने 2012 मध्ये पॅरिसे आणि सूटर यांना प्रत्येकी 13 वर्षांचे, 9 कोटी 80 लाखांचे करार दिले आणि 2021 च्या जुलैत दोन्ही एकदम मोडले. पहिल्या वर्षी मृत रक्कम 47 लाख, दुसऱ्या वर्षी 1 कोटी 27 लाख, मग दोन वर्षं 1 कोटी 47 लाखांच्या वर. मर्यादेचा सहावा हिस्सा, आणि बर्फावर त्या बदल्यात कुणीच नाही. तरी संघाने ती वर्षं तरुणांवर निभावली. 2025-26 मध्ये हा भार साडेसोळा लाखांच्या आसपास उतरला, आणि काप्रिझोवला एवढा मोठा आकडा देता आला त्यामागे हा सुटलेला फासही आहे.

रोजचा हिशोब: इथे सामने जिंकले जातात

बहुतेक चाहत्यांना न दिसणारा, पण मला सर्वांत आवडणारा भाग हा.

मर्यादा रोज मोजतात. 2025-26 चा मोसम 7 ऑक्टोबर ते 16 एप्रिल, 192 दिवसांचा. 9 कोटी 55 लाखांना 192 ने भागलं की रोजचे सुमारे 4 लाख 97 हजार. ज्या दिवशी तुम्ही त्याहून कमी खर्चता त्या दिवशीची शिल्लक साठत जाते.

समजा मोसमाच्या सुरुवातीला तुमचा खर्च 9 कोटी 45 लाखांवर आहे. जागा फक्त 10 लाख. या पैशात पहिल्या दिवशी किमान पगाराचाच माणूस येईल. पण कुणालाही न घेता 6 मार्चपर्यंत, ट्रेडच्या शेवटच्या दिवसापर्यंत, थांबा. 150 दिवस सरले, 42 उरले. आता नव्या खेळाडूचे फक्त 42 दिवसांचे पैसे तुमच्यावर पडणार. 10 लाख गुणिले 192 भागिले 42: तुम्ही 45 लाख 70 हजार कॅप हिटचा माणूस घेऊ शकता. समोरच्या संघाने त्याचा अर्धा पगार स्वतःकडे ठेवला तर 91 लाखांचा. ऑक्टोबरमधले दहा लाख मार्चमध्ये एक्क्याण्णव लाखांचं काम करतात.

म्हणून हुशार संघ 23 ऐवजी 21 किंवा 22 जणांवर हिवाळा काढतात. दोन किमान पगाराची माणसं 150 दिवस न ठेवल्याने 12 लाख 10 हजार वाचतात, आणि त्यांतून मार्चमध्ये 55 लाखांच्या खेळाडूला जागा होते. जोखीम एवढीच की ऐनवेळी कुणी जखमी झालं तर बाकावर माणूस नाही. मे 2021 मध्ये व्हेगासने मर्यादेच्या ओढाताणीत कोलोरॅडोविरुद्ध 18 ऐवजी 15 खेळाडूंनिशी सामना खेळला होता. माझं मत विचाराल तर 22 जण ठेवा. एक जागा रिकामी ठेवून मिळणारा फायदा पुरतो, आणि पाठोपाठच्या दोन रात्रींच्या सामन्यांत श्वास घेता येतो.

खालच्या लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये, कुणाला पाठवून जागा करायची असेल तर दोन गोष्टी तपासा. अनुभवी खेळाडूला आधी वेव्हरवर टाकावं लागतं, आणि 24 तासांत कोणताही संघ त्याला उचलू शकतो. शिवाय पाठवल्याने सगळा भार जात नाही. 2025-26 मध्ये कमाल सुटका 11 लाख 50 हजारांची, म्हणजे किमान पगार अधिक 3 लाख 75 हजार. 50 लाखांचा खेळाडू खाली गेला तरी साडेअडतीस लाख वरच राहतात. वेव्हरची अट नसलेल्या पोरांना सुट्टीच्या दिवशी कागदोपत्री खाली पाठवून पैसे वाचवण्याची जुनी युक्तीही आता बंद झाली; खाली गेलेल्याला तिथे एक तरी सामना खेळावा लागतो, मगच परत बोलावता येतं.

दुखापत झाली तर

10 सामने आणि 24 दिवस मुकणार असलेला खेळाडू दीर्घ दुखापतीच्या यादीत जाऊ शकतो. हॉकीवाले तिला एलटीआयआर म्हणतात. त्याचा कॅप हिट तक्त्यातून जात नाही, पण त्याच्या जागी मर्यादेच्या वर खर्च करायला परवानगी मिळते. यादीत टाकण्याच्या क्षणी तुमची जी मोकळी जागा असेल ती या सवलतीतून वजा होते. म्हणून आधी संघ मर्यादेच्या शक्य तितका जवळ न्यायचा आणि मग खेळाडूला यादीत टाकायचं, क्रम उलटा नको. दुसरा तोटा असा की सवलत वापरत असेपर्यंत रोजची शिल्लक साठत नाही. दुखापत सहा आठवड्यांची असेल तर बऱ्याचदा यादीच्या वाटेला न जाणंच शहाणपणाचं.

या यादीचा सर्वांत गाजलेला वापर टँपा बेचा. निकिता कुचेरोव 2020-21 चा पूर्ण साखळी मोसम खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता. त्याचे 95 लाख मोकळे झाले, त्यात इतर माणसं बसली. प्लेऑफमध्ये तेव्हा मर्यादाच नव्हती. पहिल्याच सामन्याला तो परतला, गोल आणि गोलला लावलेले हातभार मिळून 32 गुणांसह प्लेऑफमध्ये सर्वांच्या पुढे राहिला, आणि संघाने कप जिंकला. मिरवणुकीत त्याच्या अंगात "मर्यादेच्या 1 कोटी 80 लाख वर" असं लिहिलेला टी-शर्ट होता. नियमात बसणारंच होतं सगळं. तरी मला ते खटकलं, कारण बाकीच्या संघांनी वर्षभर पै-पै मोजली होती.

2025-26 पासून ती वाट बुजवली आहे. खेळाडू त्याच मोसमात किंवा प्लेऑफमध्ये परतणार असेल तर सवलत लीगच्या आदल्या मोसमाच्या सरासरी पगाराइतकीच. पूर्ण सवलत हवी तर त्याला प्लेऑफलाही मुकावं लागतं. आणि प्लेऑफच्या प्रत्येक सामन्याला उतरणारे 20 जण, वर तुमची मृत रक्कम, हे मिळून मर्यादेत बसले पाहिजेत.

मार्च: शेवटची खरेदी

पगाराचा हिस्सा ठेवून ट्रेड करण्याचे नियम पाठ असू द्या. एका करारावर 50 टक्क्यांपर्यंत हिस्सा ठेवता येतो, आणि एका संघाला एका वेळी असे तीनच करार. पूर्वी मधे तिसरा संघ घालून त्याच दिवशी उरलेल्याचाही अर्धा भाग कापून घेत, म्हणजे 80 लाखांचा खेळाडू 20 लाखांत यायचा. आता दुसऱ्या कपातीसाठी मोसमाचे 75 दिवस मधे जावे लागतात. तशी खरेदी करायची असेल तर पहिला व्यवहार डिसेंबरमध्येच घडवून आणावा लागेल.

माझी या दिवसाची पद्धत अशी. आधी 20 जणांची प्लेऑफची यादी लिहायची, त्यांचे पूर्ण कॅप हिट बेरजेला घ्यायचे, मृत रक्कम मिळवायची. 42 दिवसांच्या गणिताने मार्चमध्ये परवडलेला माणूस प्लेऑफच्या बेरजेत मात्र पूर्ण किमतीने उभा राहतो, आणि तिथे फसलात तर दुसऱ्या कुणाला तरी बाहेर बसवावं लागतं. यादी बसली, तरच फोन उचलायचा.

मग उन्हाळा. बायआउटची खिडकी जूनच्या उत्तरार्धात उघडते आणि 30 तारखेला मिटते. जूनच्याच अखेरीस ड्राफ्ट. 1 जुलैला दुपारी बाजार खुला होतो आणि पहिल्या काही तासांत सगळ्यात महागडे करार होतात. त्या सकाळी माझ्या तक्त्यात 2026-27 च्या रकान्यावर 10 कोटी 40 लाख लिहिलेले असतील, खाली मृत रकमेची ओळ, आणि डावीकडे दोन गोलरक्षकांच्या नावांखाली तिसऱ्यासाठी राखलेले किमान पगाराचे 8 लाख 50 हजार.